एकाच किल्ल्यावर दोन स्वाऱ्या

शिकागोच्या आसपासच्या पिनबॉलवाल्यांत जाऊन बसलं की हवापाण्याच्या गप्पा संपायच्या आत कोणीतरी विचारतंच, "ओरिजिनल की रिमेक?" कुठल्या मशीनबद्दल, हे सांगावं लागत नाही. दहातल्या आठ वेळा विषय 'मिडिव्हल मॅडनेस'चा असतो. विल्यम्स कंपनीने १९९७ साली काढलेलं मशीन. डिझाइन ब्रायन एडीचं, प्रोग्रॅमिंग लायमन शीट्सचं, आणि एकूण नग चार हजारांच्या जेमतेम वर. पुढे २०१५पासून शिकागो गेमिंग कंपनीने हेच मशीन नव्याने बनवून विकायला सुरुवात केली. चित्रं तीच, रॅम्प तेच, आवाज तेच. तरी वाद काही मिटत नाही, आणि वाद घालणाऱ्यांना तो मिटावा असं मनापासून वाटतही नाही.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेखाली साडेसहा अंशांच्या आसपास उतार दिलेली लाकडी फळी, तिलाच प्लेफील्ड म्हणतात. तिच्या पायथ्याशी बटण दाबलं की उसळून बॉल वर हाणणाऱ्या दोन छोट्या दांड्या, त्या म्हणजे फ्लिपर. बॉल पोलादी, २७ मिलिमीटर व्यासाचा, वजन ८० ग्रॅम. फळीच्या वरच्या अंगाला मधोमध एक किल्ला उभा आहे. त्याच्या उचलत्या पुलावर बॉल हाणत राहिलं की पूल खाली येतो, मग दाराची जाळी, आणि शेवटी बुरूज गदागदा हलून कोसळतात. असे एकामागून एक सहा किल्ले पाडायचे. मध्येच फळीला भोक पाडून आल्यासारखे दोन ट्रोल डोकं वर काढतात आणि मार खाताखाता आपल्यालाच टोमणे मारतात. हे आवाज शिकागोच्या 'सेकंड सिटी' या विनोदी नाट्यसंस्थेतल्या कलाकारांचे. टीना फे त्यांच्यातलीच एक, टीव्हीवर तिचं नाव व्हायच्या आधीची. मशीन मुळात चावट आहे. ते खेळणाऱ्याची टर उडवतं आणि खेळणारा आणखी नाणी टाकतो.

माझं पिनबॉल मात्र डोंबिवलीत सुरू झालं, तेही एकाही खिळ्या-स्क्रूशिवाय. विंडोज एक्सपीबरोबर जो 'स्पेस कॅडेट' यायचा, तो. डावा फ्लिपर झेड, उजवा तिरक्या रेघेच्या बटणावर, स्पेसबार ओढून सोडला की बॉल वर. माझ्या वयाच्या हजारो मराठी पोरांची या खेळाशी ओळख तीच आणि तेवढीच. गंमत अशी की त्या खेळामागे खरंखुरं लाकडी मशीन कधी नव्हतंच. १९९५ साली तो थेट संगणकासाठीच लिहिला गेला. पुढे विंडोज व्हिस्टातून तो गायब झाला, कारण ६४ बिटांवर नेताना टकरीचं गणित बिघडलं आणि बॉल भिंतीफळीतून आरपार पडायला लागला. २०२१ साली एका हौशी माणसाने तो सगळा उकलून परत मांडला, आणि आता तो कुठेही चालतो. म्हणजे आमच्या ओरिजिनललासुद्धा रिमेक मिळाला. फक्त त्याच्यावरून कोणी भांडत नाही, कारण त्याच्या बॉलला वजनच नव्हतं.

वजन कळलं ते इथे आल्यावर. आणि शिकागोत आल्यावर ते न कळणं अवघडच. गॉटलिब, बॅली, विल्यम्स, सगळ्या याच शहराच्या पोटातल्या कंपन्या. २५ ऑक्टोबर १९९९ला विल्यम्सच्या मालकांनी पिनबॉलचा विभाग बंद केला. स्लॉट मशीनमध्ये पैसा दिसत होता, पिनबॉलमध्ये दिसत नव्हता. त्याच वर्षी गॅरी स्टर्नने सेगाचा पिनबॉल व्यवसाय घेतला, आणि पुढची दहाएक वर्षं नवं मशीन घ्यायचं तर जवळपास त्याच्याच दारात जावं लागे. ज्यांना विल्यम्सचीच मशीनं हवी होती त्यांनी जुनी धुंडाळायला सुरुवात केली. 'मिडिव्हल मॅडनेस' हे त्या धुंडाळण्यातलं पहिलं नाव. भाव दहा हजार डॉलरच्या पुढे गेले. एका खेळण्याला एवढे पैसे मोजणारे लोक आहेत म्हटल्यावर कोणाला तरी ते परत बनवायची बुद्धी होणारच. परवाने 'प्लॅनेटरी पिनबॉल' या कंपनीकडे होते, २०१३ साली घोषणा झाली, मर्यादित आवृत्तीची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात ठरली. ज्यांच्या तळघरात ओरिजिनल होतं त्यांच्यातल्या काहींना त्या दिवशी जेवण गेलं नसणार.

दोन्ही मशीनं शेजारी शेजारी खेळायची सोय क्वचित मिळते. मला ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका गृहस्थांमुळे मिळाली. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त इलेक्ट्रिशियन, आजी-आजोबा पोलंडहून आलेले. आमच्या घरात आपापसात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, तेव्हा इथेही तेच म्हणतो. त्यांच्या तळघरात भिंतीला लागून ओरिजिनल आणि त्याच्या डाव्या हाताला रिमेक. मध्ये एक स्टूल, त्यावर मल्टिमीटर.

आधी डोळ्यांना काय वाटतं ते सांगतो. जुन्या मशीनमध्ये तारेचे छोटे बल्ब आहेत. त्यांचा उजेड पिवळा, थोडा लोळणारा, कडा नसलेला. ते तापतात, आणि वर्षानुवर्षं तापून जवळच्या प्लॅस्टिकचा रंग काढून टाकतात. किल्ल्याच्या मागचा आकाशाचा तुकडा आजोबांच्या मशीनमध्ये चहा सांडल्यासारखा झाला आहे. रिमेकमध्ये सगळीकडे एलईडी. लाल म्हणजे लालच, निळा म्हणजे निळाच, आणि जिथे दिवा विझलेला आहे तिथे खरा काळोख. पहिल्या नजरेत रिमेक जिंकतो. पण तास दोन तास खेळलं की माझे डोळे जुन्याकडे वळतात. एलईडी लागतो आणि विझतो, मधलं त्याला काही येत नाही. जुना बल्ब विझताना थोडा रेंगाळतो, त्यामुळे दिव्यांची रांग एकापाठोपाठ एक पळताना दिसते. रिमेकमध्ये तीच रांग लुकलुकते.

पडद्याचंही तसंच. मूळचा पडदा १२८ गुणिले ३२ ठिपक्यांचा, काचेत भरलेल्या वायूने नारिंगी पेटणारा. त्याला चांगलाच चढा व्होल्टेज लागतो आणि म्हातारा झाला की त्यातल्या रेघा एकेक करून मरतात. रिमेकमध्ये रंगीत पडदा आहे. हे रंग मला आवडत नाहीत, असं मी बरेच दिवस म्हणत असे. आता म्हणत नाही. नारिंगीत ट्रोल आणि शेतकरी यांच्यातला फरक मला कधी कळला नव्हता.

आता हाताला काय वाटतं ते. इथेच खरी भांडणं होतात. रिमेकचा फ्लिपर कडक वाटतो. बटण दाबलं की बॉल सुटतो तो थेट. जुन्याचा फ्लिपर मऊ वाटतो, आणि लांबलेल्या खेळात आणखी मऊ होत जातो. याला कारण आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, फटक्याची ताकद देणारं, आणि दुसरं बारीक तारेचं, फ्लिपर वर धरून ठेवणारं. खेळ लांबला की कॉइल तापते, तापली की तारेचा विरोध वाढतो, विरोध वाढला की फटका कमजोर पडतो. जुने खेळाडू यालाच मशीनचा स्वभाव म्हणतात. तिसऱ्या बॉलला किल्ल्यावर निशाणा धरताना ते फ्लिपरच्या टोकाकडे सरकून फटका मारतात आणि त्यांना ते कोणी शिकवलेलं नसतं. "रिमेकला हे कळत नाही," असं एक जण मला अगदी कळवळून म्हणाला होता.

मलाही ते पटलं होतं. मग एका शनिवारी आजोबांनी जुन्या मशीनचे फ्लिपर खोलले.

काच सरकवली, फळी वर उचलून मागे टेकवली. तिच्या पोटात रंगीत वायरींचे जुडगे, प्रत्येक बल्बला स्वतंत्र सॉकेट, प्रत्येक जोडावर सोल्डरचा मणी. त्यांनी डावा फ्लिपर सुटा केला. कॉइलच्या आतल्या नायलॉनच्या नळीतून काळी पूड निघाली, पेन्सिल तासल्यावर निघते तशी बारीक. लोखंडी दट्ट्या ज्या टोकाला जाऊन आदळतो, ते टोक ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलेलं. आणि दट्ट्याला फ्लिपरशी जोडणाऱ्या पट्टीचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. म्हणजे बटण दाबल्यावर पहिला क्षण त्या भोकातली मोकळी जागा भरण्यातच जात होता. आजोबांनी ते भोक उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "हा बघ तुझा स्वभाव."

नवी नळी, नवा दट्ट्या, नवी पट्टी, नवं टोक. तासाभराचं काम. त्यानंतर ओरिजिनल आणि रिमेक दोन्हींवर मी आळीपाळीने खेळलो आणि हाताला फरक कळेना. एवढंच नाही, ज्या जागेवरून मला जुन्या मशीनवर किल्ला हमखास सापडत होता, तिथून मारलेला बॉल पुलाच्या काठावर आपटून सरळ दोन्ही फ्लिपरच्या मधून खाली जायला लागला. जे मी या मशीनचं अंग म्हणून शिकलो होतो ते एका झिजलेल्या भोकाचं अंग होतं. फक्त तापून मऊ पडणं तेवढं खरं निघालं, आणि ते दोन्हींत कमीजास्त आहेच.

तेव्हापासून या वादाकडे बघायची माझी नजर बदलली. लोक ज्याला ओरिजिनल म्हणतात ते १९९७ साली कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेलं मशीन नसतं. ते मशीन आता कुठेच नाही. आहेत ती वीस-पंचवीस वर्षं कुठल्यातरी बारमध्ये, बोलिंग अ‍ॅलीत, मग कोणाच्या तरी तळघरात राहून आलेली मशीनं. कोणी रबर बदलले, कोणी बदलले नाहीत. कोणी उतार वाढवला. कोणी फळीवर मेण लावलं, कोणी लाकूड उघडं पडेस्तोवर तसंच चालवलं. चार हजार मशीनं एकाच साच्यातून निघाली आणि त्यातली आज जी उरली आहेत ती हाताला चार हजार तऱ्हांची लागतात. रिमेकशी तुलना करताना आपण एका मशीनची दुसऱ्याशी तुलना करत नसतो. एका मालकाच्या निगराणीची, किंवा आळसाची, तुलना करत असतो. आणि कारखान्यातून नुकतंच निघालेलं 'मिडिव्हल मॅडनेस' हाताला कसं लागायचं, हे आज कोणाला बघायचं असेल तर त्याला रिमेकच गाठावा लागतो.

प्रोग्रॅमच्या बाबतीत तर वादाला जागाच नाही. रिमेकच्या आत छोटा आधुनिक संगणक आहे, आणि त्यावर १९९७चाच प्रोग्रॅम चालतो, आपण अजून जुन्याच बोर्डावर आहोत अशा समजुतीत. नियम तेच, गुण तेच. लायमन शीट्सने लिहिलेली बुद्धी तशीच्या तशी.

फळीवरच्या खळग्यांची गोष्टही याच जातीची. नवीन रिमेक घेतलेले लोक पहिल्या काही महिन्यांत घाबरून फोटो दाखवत फिरतात: बघा, बॉल पडून पडून फळीवर बारीक खळगे झाले! ८० ग्रॅमचं पोलाद रॅम्पवरून उडून लाकडावर पडणार, खळगे व्हायचेच. जुन्या फळीवरही झाले होते. पुढे इतके झाले की एकमेकांत मिसळून गेले आणि दिसेनासे झाले.

इथवर वाचून मी रिमेकवाल्यांचा वकील वाटत असेन. तसं सगळ्याच रिमेकबद्दल म्हणवत नाही. स्टर्नने २००७ साली 'स्पायडर-मॅन' काढलं, स्टीव्ह रिचीचं डिझाइन, सिनेमातल्या नटांची चित्रं आणि आवाज. २०१६ला ते पुन्हा आलं तेव्हा रचना तीच, पण चित्रं कॉमिक्सची आणि आवाज वेगळे. दिसायला नवं जास्त देखणं आहे. पण जुन्यात त्या सिनेमाच्या वर्षांचा वास होता, तो गेला. त्याला मी रिमेक म्हणणार नाही, नवे कपडे म्हणेन. 'बिग बँग बार'चा मामला उलटा. कॅपकॉमने १९९६ला ते जवळपास तयार केलं, पण धंदाच गुंडाळला, नमुन्याची जेमतेम डझनभर मशीनं बाहेर पडली. दहा वर्षांनी इलिनॉयच्या जीन कनिंगहॅमने हक्क घेऊन सुमारे १९० मशीनं बनवली. तिथे पुनरावृत्तीच पहिली आवृत्ती ठरली.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती 'कॅक्टस कॅन्यन'ची. बॅलीचं १९९८चं मशीन (बॅली हे नाव तेव्हा विल्यम्सकडेच होतं), टॉम कोपेराचं डिझाइन, काउबॉय आणि बंदुकींचं जग. फळीतून चार दरोडेखोर उभे राहतात आणि त्यांना टिपायचं. पण तेव्हा कंपनीला पडद्याच्या प्रतिबिंबावर चालणाऱ्या 'पिनबॉल २०००'ची घाई झाली होती. कारखान्याची लाइन तिकडे वळवली गेली. 'कॅक्टस कॅन्यन'ची हजाराच्या आत मशीनं निघाली आणि प्रोग्रॅम अर्धवटच राहिला. म्हणजे खेळ सुरू व्हायचा, दिवे लागायचे, दरोडेखोर उठायचे, पण सगळं पार करून तुम्ही शेवटाला पोचलात की तिथे म्हणावं असं काही नसायचं. वर्षभराने कंपनीने पिनबॉलचं दुकानच बंद केलं.

मग एका चाहत्याने स्वतःच्या हिमतीवर उरलेला खेळ लिहून काढला. जुना बोर्ड काढून त्या जागी वेगळा बोर्ड बसवायचा आणि त्यावर त्याचा प्रोग्रॅम चालवायचा. ओरिजिनलचे कट्टर भक्तही ते बसवून घ्यायला लागले. आणि २०२१ साली शिकागो गेमिंगने रिमेक जाहीर केला तेव्हा नव्याने वाढवलेल्या प्रोग्रॅमसाठी लायमन शीट्सच कामाला लागला होता. १९९७चा किल्ला ज्याने लिहिला तोच. जानेवारी २०२२मध्ये तो गेला. काम इतरांनी पुढे नेलं. नियम रचणाऱ्यांत जॉश शार्प होता. त्याचे वडील रॉजर शार्प, ज्यांनी १९७६ला न्यूयॉर्कच्या नगरपालिकेत सर्वांसमोर मशीन खेळून, बॉल कुठून जाणार ते आधी सांगून, हा जुगार नाही कौशल्य आहे हे दाखवलं आणि १९४०च्या दशकातली पिनबॉलवरची बंदी उठवायला लावली. एका घराची इतकी वर्षं एका खेळात जातात याचं मला कौतुक वाटतं आणि थोडी भीतीही.

या मशीनच्या बाबतीत ओरिजिनलचा आग्रह धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, हसून सोडून देतो. पूर्ण झालेलं 'कॅक्टस कॅन्यन' हवं असेल तर ते १९९८ सालात नाहीच.

एका मुद्द्यावर मात्र आजोबा रिमेकला माफ करत नाहीत, आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. दुरुस्ती. जुन्या मशीनबरोबर विल्यम्स जाडजूड पुस्तकं द्यायची. कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठून कुठे जाते, सगळे सर्किटचे नकाशे. तोच बोर्ड, त्याच कॉइल, तेच स्विच कंपनीच्या इतर मशीनमध्येही असायचे, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, गुण लक्षात ठेवण्यासाठी. ते वेळेवर बदलले नाहीत तर गळतात आणि बोर्ड खातात. पण तोही बोर्ड माणूस घासून पुसून, तारा ओढून परत उभा करतो. रिमेकची फळी उचलली की आतून स्वच्छ. वायरी थोड्या, छोटे छोटे बोर्ड, त्यावर तांदळाच्या कणीएवढे एलईडी थेट चिकटवलेले. बिघडलं तर अख्खा बोर्ड बदलायचा. आज तो मिळतो. पण २०४० साली?

याला उत्तर म्हणून रिमेकवाले एक गोष्ट सांगतात आणि ती खोटी नाही. रिमेक निघाला नसता तर बऱ्याच ओरिजिनलचे किल्लेच उरले नसते. नवी फळी, नवे प्लॅस्टिक, बुरूज, पूल हे सगळं परत साच्यांतून निघायला लागलं ते बरंचसं या रिमेकच्या धंद्यामुळे. आजोबांच्या ओरिजिनलवर आज जो किल्ला आहे तो रिमेकच्याच काळातला. जुना तडकलेला किल्ला त्यांनी रद्दीच्या खोक्यात ठेवला आहे, टाकवत नाही म्हणून.

आता गुडघे बोलायला लागल्यापासून त्यांना दोन्ही मशीनं ठेवणं जमत नाही. एक विकायचं ठरलं आहे. मला वाटलं होतं रिमेक जाईल. ते म्हणाले, नाही, रिमेक नातवंडं खेळतात आणि तो फारसा बिघडत नाही, जाईल ते जुनं. किंमत काय लावायची याचा त्यांनी विचार केलेला नाही, पण घेणाऱ्याला सोल्डरिंग येतं का, हे आधी विचारणार. नाही म्हणाला तर कितीही पैसे देऊ केले तरी देणार नाहीत. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तिने आमच्या बेसमेंटकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कुठे येतं सोल्डरिंग?" येत नाही, हे खरं आहे. वीस डॉलरला आयर्न मिळतं, तारेचं रीळ वेगळं.